तासगावच्या मुलीनं प्रवाळ मोजावेत का?

पत्र असं आहे:

'ताई, मी तासगावची. कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सहजीवन शिकवताना सरांनी प्रवाळ या समुद्री प्राण्याबद्दल आणि त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाबद्दल सांगितलं, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. हेच करायचं, असं ठरवलंय. घरी द्राक्षबाग आहे. बाबा म्हणतात, "तू शिकून बाहेर पडेस्तोवर ते प्रवाळच राहणार नाहीत, मग तुला पगार कोण देणार?" मला राग आला, पण वाचायला लागले तर शास्त्रज्ञही जवळपास तेच म्हणतात. आता रात्री झोप लागत नाही. आणखी एक लाजेची गोष्ट. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला, आणि मला पोहता येत नाही. मैत्रिणी हसतात. मी वेडेपणा करतेय का? – ऋ.'

प्रिय ऋ.,

पोहण्याचं आधी उरकून टाकते, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि तुला जास्त लागलंय तेच. तासगावात समुद्र नसेल, विहिरी तर आहेत. पाठीला डबा बांधून तुमच्याकडची माणसं त्यातच पोहायला शिकली. मी चोविसाव्या वर्षी शिकले, पुण्यातल्या एका तलावात, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, 'काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात?' तीन महिन्यांत मी त्याच्याबरोबर पाण्यात होते. पुढे स्कूबाचा प्राथमिक कोर्स करायचा झाला तर तारकर्लीला सोय आहे. त्या परवान्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि तुझ्या कामाला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. ज्या प्रवाळांत शैवाल राहतं त्यांना ऊन लागतं, म्हणून ते उथळ पाण्यातच असतात. तुझ्या आईच्या किंवा आत्याच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. तो लाल प्रवाळ भूमध्य समुद्रातल्या काळोखातला, त्याच्यात शैवाल नसतंच. पोवळं आणि तुझा प्रवाळ ही लांबच्या नात्यातली भावंडं, एवढंच.

आता बाबांचा प्रश्न. खरं सांगू? तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझ्या बाबांनी विचारलाय.

तुला झोप यावी म्हणून मी आकडे सौम्य करून सांगणार नाही. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०१८ च्या अहवालात म्हटलं, की पृथ्वीचं सरासरी तापमान दीड अंशानं वाढलं तर उष्ण समुद्रांतले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, आणि दोन अंशांनी वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त. जगभर एकाच वेळी प्रवाळ पांढरे पडण्याची, म्हणजे उष्णतेनं त्यांच्यातलं शैवाल निघून जाण्याची, चौथी लाट २०२३ साली सुरू झाली आणि तिच्यात जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ते पांढरे पडावेत इतकी उष्णता सोसावी लागली. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून पुढच्या २४ वर्षांच्या नोंदी सांगतात, की जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे निम्मं.

त्यातल्या पहिल्या वर्षी, १९९८ च्या मे महिन्यात, मी तिथे होते. पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट. बोटीतून खाली बघितलं तर सगळा तळ पांढरा, आणि मध्ये मध्ये जांभळ्या-निळ्या छटा चमकत होत्या. शैवाल निघून गेलं की प्रवाळाचे स्वतःचे रंग थोडे दिवस असे उघडे पडतात. बोटवाल्यानं मला विचारलं, 'हे फुललंय का?' त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी हिरवट-तपकिरी बुरशीसारखा थर चढला होता, तेव्हा त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

मग मी हे काम सोडलं का नाही? सोडलं नाही, पण त्यात माझं शौर्य काही नव्हतं. शिष्यवृत्तीची दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत मला हळूहळू कळलं, की माझा विषय 'प्रवाळ' हा नव्हताच. माझा विषय होता प्रवाळ आणि शैवाल या दोघांमधला व्यवहार. तो कशानं मोडतो, आणि मोडल्यावर कुणाचा पुन्हा जुळतो. व्यवहार सुरळीत चालू असतो तेव्हा तो दिसत नाही. मोडायला लागला की दिसतो. वाईट वाटेल असं वाक्य आहे, पण डॉक्टरांचंही असंच असतं.

रूथ गेट्स हे नाव तुझ्या वाचनात आलं असेल. नसेल तर आता येऊ दे. ही ब्रिटिश बाई जन्मली १९६२ साली. गंमत म्हणजे प्रवाळांतल्या शैवालाला 'सिम्बायोडिनियम' हे शास्त्रीय नाव मिळालं तेही १९६२ सालीच. ती पीएच.डी.साठी जमैकाला गेली आणि पाण्याचं तापमान वाढल्यावर प्रवाळांचं काय होतं, हे बघत बसली. तो काळ १९८० च्या दशकाचा शेवट. प्रवाळ पांढरे पडणं ही तेव्हा फार लोकांना चिंतेची गोष्ट वाटत नव्हती. आणि जमैका म्हणजे कसली जागा! १९७७ साली तिथल्या खडकांवर सुमारे ५२ टक्के जिवंत प्रवाळ होते, १९९३ पर्यंत ते ३ टक्क्यांवर आले. चक्रीवादळ आलं, शैवाल खाणारे समुद्री साळिंदर (सी अर्चिन) रोगानं मेले, मासे आधीच मारून झाले होते. म्हणजे जिथे तिनं सुरुवात केली, तिथलं बरंच काही ती येण्याआधीच गेलं होतं, उरलेलं तिच्या डोळ्यांदेखत गेलं. तुझे बाबा तिचे बाबा असते तर त्यांनी १९९० साली हाच प्रश्न विचारला असता.

तिनं पुढे काय केलं, ते बघ. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत जाऊन एक साधा प्रश्न धरला: ताण आला की शैवाल प्रवाळातून बाहेर पडतं म्हणजे नेमकं कसं पडतं? आपण सहज म्हणून जातो, 'प्रवाळ शैवालाला हाकलून देतो'. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवलं, की तापमानाच्या धक्क्यानं शैवाल ज्या पेशीत राहतं ती प्रवाळाची पेशीच अख्खी सुटून वाहून जाते. भाडेकरूबरोबर खोलीच निखळते म्हण ना. इतकी बारीक गोष्ट, पण तिनं 'हाकलून देतो' या शब्दातली चूक पकडली. नंतर ती हवाईला गेली, तिथल्या सागरी जीवशास्त्र संस्थेची संचालक झाली, २०१५ साली प्रवाळ अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली स्त्री अध्यक्षही. २०१८ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, गेली. शेवटची काही वर्षं तिनं ज्या कल्पनेवर घालवली, ती तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा लवकर समजेल. तिच्याकडे येतेच. आधी तुला काम दाखवते, कारण तू प्रेमात पडलीस ती धड्याच्या, कामाच्या नव्हे.

मूळ व्यवहार तुला माहीत आहे, तरी बाबांना सांगता यावा म्हणून लिहिते. प्रवाळ हा जमीनमालक. घर त्याचं, कुंपण त्याचं, खत त्याचं. शैवाल वाटेकरी. ते उन्हावर साखर पिकवतं. आपल्याकडे वाटेकरी अर्धेलीनं करतो, इथे मालकाच्या एकूण गरजेतला ९० टक्क्यांपर्यंतचा भाग वाटेकऱ्याकडून येऊ शकतो. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की वाटेकऱ्याची यंत्रणा बिघडते. साखरेबरोबर ऑक्सिजनची विषारी रूपं तयार व्हायला लागतात. व्यवहार तिथे मोडतो. वाटेकरी गेल्यावर प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत वाढतं, नाही निवलं तर नाही.

आता प्रत्यक्ष. प्रवाळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घे. परवानगीनं घेतलेला, त्याबद्दल पुढे बोलते. एअरब्रशनं, म्हणजे रंग फवारायच्या त्या बारीक पिचकारीनं, त्याच्यावर खारं पाणी मारायचं. वरचं मांस सुटून पिशवीत येतं. ते चिकट, शेंबडासारखं आणि चहाच्या रंगाचं असतं. वास चांगला नसतो. ते नीट घुसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तळाशी तपकिरी गोळी बसते, ती तुझी शैवालं. ती पुन्हा पाण्यात मोकळी करून हिमोसायटोमीटरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर, थेंब टाकायचा. तोच, ज्याच्यावर तू रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्यास आणि डोळे दुखले म्हणून कुरकुर केलीस. चौकटीत गोल, सोनेरी-तपकिरी ठिपके दिसतात, नाचणीच्या लाडवांसारखे, एकेक साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. एक चौकट मोज. दुसरी मोज. आठ चौकटी मोज. मग दुसरा थेंब. नखाएवढ्या प्रवाळावर दहा लाखांच्या घरात शैवालं निघतात.

पण नखाएवढा म्हणजे नेमका केवढा? प्रवाळ खाचाखोचांचा. त्याचं क्षेत्रफळ काढायची एक जुनी युक्ती आहे, मला ती अजून सगळ्यात आवडते. उरलेल्या सांगाड्याला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद नीट दाबून गुंडाळायचा, एकावर एक न चढवता. मग तो उलगडून वजन करायचं. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या कागदाचं वजन आधी करून ठेवलेलं असतं, त्रैराशिक मांडलं की झालं. पोळ्या गुंडाळायच्या कागदावर मी पीएच.डी. केली असं मी म्हणते तेव्हा लोकांना विनोद वाटतो.

हे असं शेकडो तुकड्यांचं. महिनोन् महिने. समुद्रात गेलेले दिवस माझ्या पाच वर्षांत दीडशेही भरले नसतील, उरलेले दिवस मी मोजत बसले होते. आताच्या पोरांकडे यंत्रं चांगली आहेत, मोजणीही यंत्रावर होते. पण त्यांचा वेळ जातो डीएनएमध्ये आणि संगणकावर आकडेवारी सोडवण्यात. म्हणजे बसणं तेवढंच. तुला विचारायचा प्रश्न मला एवढाच आहे: त्या तांबड्या पेशी मोजताना कंटाळा आला, तेव्हा तू थांबलीस की आणखी एक चौकट मोजून बघितलीस? उत्तर मला कळवू नकोस. तुला माहीत असलं की पुरे.

आणि हे डीएनए उगीच नाही. शैवालाचे ते सगळे लाडू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, म्हणून बरीच वर्षं लोकांना वाटायचं, की जगभरातल्या प्रवाळांत एकाच जातीचं शैवाल आहे. डीएनए वाचायला लागल्यावर कळलं, की हा गोतावळा प्रचंड आहे. २०१८ साली त्यांची नीट वाटणी होऊन वेगवेगळ्या प्रजातींना नावं मिळाली. तुझ्या कामाची दोन आताच लक्षात ठेव, क्लॅडोकोपियम आणि ड्युरुस्डिनियम. पहिलं साधारणपणे साखर जास्त देतं, दुसरं ऊन जास्त सोसतं. हवाईच्या कानेओहे उपसागरात २०१५ साली पाणी तापलं, तेव्हा एकाच जातीचे दोन प्रवाळ शेजारी शेजारी, एक पांढराफटक आणि एक जसाच्या तसा तपकिरी, असे आढळले. गेट्सच्या गटानं अशा जोड्यांना खुणेच्या पट्ट्या लावून ठेवल्या आणि पुढची वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. तोच समुद्र, तेच ऊन. फरकाचा मोठा भाग आत कोण राहतंय याच्यात होता.

आता बाबांकडे वळते. त्यांची बाग डॉगरिज खुंटावर असेल, तुमच्या भागात बहुतेकांची असते. पाणी कमी, जमीन खारवट, म्हणून मुळं एकाची आणि वर कलम थॉमसनचं. द्राक्ष तेच, खालचा जोडीदार बदलला आणि बाग तगली. गेट्स आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅडलिन व्हॅन ओपेन यांनी २०१५ साली मांडलेली कल्पना याच घराण्यातली आहे: जे प्रवाळ उष्णतेत टिकले त्यांचीच पैदास करायची, आणि जोडीदार शैवालालाही उष्णतेची सवय लावायची. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी त्यासाठी ४० लाख डॉलर दिले. व्हॅन ओपेन यांच्या सहकाऱ्यांनी शैवालाचे दहा वाण प्रयोगशाळेत चार वर्षं ३१ अंशांवर वाढवले. मग ते प्रवाळाच्या अळ्यांमध्ये सोडले. दहापैकी तिघांनी यजमानाला उष्णता सोसायला मदत केली, हे २०२० साली प्रसिद्ध झालं. दहात तीन. बाबांना हा आकडा सांग. नवा वाण लावून बघितलेल्या माणसाला दहात तीन म्हणजे काय हे कळतं. आणि खुंट बदलला की बागेचं बाकीचं गणितही बदलतं, हे तर त्यांना मी शिकवायला नको. प्रवाळांचंही तसंच आहे. ऊन सोसणारा जोडीदार घेतलेले प्रवाळ पुष्कळदा हळू वाढतात.

इराणच्या आखातात, म्हणजे दुबई-अबुधाबीच्या किनाऱ्याला, प्रवाळ उन्हाळ्यात ३४-३५ अंशांच्या पाण्यात राहतात. आपल्याकडच्या प्रवाळांना त्या पाण्यात सोडलं तर त्यांची वाट लागेल. तिथल्या शैवालाला २०१५ साली नावच मुळी 'थर्मोफिलम' दिलं, उष्णताप्रिय. तुझ्यासारख्या मुलीसाठी हा प्रश्न वाट बघत उभा आहे असं मला वाटतं: आपल्या कोकणच्या खडकांवर, गढूळ पाण्यात, ओहोटीला उन्हात उघडे पडणारे, पावसाळ्यात गोड पाणी अंगावर घेणारे जे प्रवाळ आहेत, त्यांच्या आत कोण राहतंय, आणि ते कसं निभावतं?

होय, कोकणात प्रवाळ आहेत. रत्नागिरी, मालवण, रेडी इथले जिवंत प्रवाळ १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नोंदवले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती आहेत. मुंबईत किनारी रस्ता होताना वरळी आणि हाजी अलीजवळच्या मोजून १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तू गणपतीपुळ्याला दोनदा गेलीस म्हणतेस. देवळासमोरच्या वाळूवर नव्हे, पण त्या किनारपट्टीवरच्या एखाद्या खडकाळ टोकाला अमावास्येच्या ओहोटीला गेली असतीस, तर कदाचित पायाशी बघितले असतेस. लाटांनी चिखल फासलेले, चपटे, ओबडधोबड. मासिकातल्या फोटोसारखे अजिबात नाहीत. बहुतेक लोक त्यांच्यावर उभे राहून सेल्फी काढतात.

पगाराचं आता. कमी शब्दांत सांगते, कारण यात काव्य नाही. नेटची परीक्षा देऊन जे.आर.एफ. ही संशोधन शिष्यवृत्ती मिळव. २०२३ साली ठरलेल्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, नंतर ४२,०००. गेट परीक्षेचा 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' हा पेपरही बघ. पीएच.डी.साठी दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था, गोवा विद्यापीठ, कोची, तामिळनाडूत परंगिपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र, श्री विजयपुरमला (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला) पुदुच्चेरी विद्यापीठाचा विभाग, तुतिकोरिनची सुगंती देवदासन संस्था, डेहराडूनची वन्यजीव संस्था. यादी मोठी आहे, कायमच्या नोकऱ्या मात्र मोजक्या. पीएच.डी.नंतर पाच-सात वर्षं प्रकल्पामागून प्रकल्प, गावामागून गाव असं जाऊ शकतं. लग्नाचा विषय घरात तेव्हाच निघतो. मला एका संस्थेत 'बायकांची सोय नाही' म्हणून एक अख्खा हंगाम बोटीवर नेलं नव्हतं. आता तसं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण बोटीवर संडास आहे का हे आधी विचारून घे, लाजू नकोस. शिवाय प्रवाळांसाठी शिकलेली कौशल्यं प्रवाळांपुरती नसतात. डीएनए वाचता येणारी, आकडेवारी सोडवता येणारी मुलगी उपाशी राहत नाही. बाबांना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखव.

तू पत्रात 'वाचवायचे आहेत' असं एकदा लिहिलंस आणि खोडलंस. खोडलेलं दिसतं गं कागदावर. मला ते खोडणं आवडलं. प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या ठोकळ्यांवर बांधतानाचे फोटो तू पाहिले असतील. मी त्या कामाला हसत नाही, मन्नारच्या आखातात चांगलं काम झालंय. तुतिकोरिनजवळ चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणले गेले, वान बेट झिजत झिजत बुडायला आलं, तिथे कृत्रिम ठोकळ्यांचा आधार द्यावाच लागला. पण पाणी तापतच राहिलं तर लावलेला प्रवाळही पांढरा पडतो. फोटोत हे येत नाही. मला जास्त पटणारं उदाहरण लक्षद्वीपचं आहे. तिथले मच्छीमार गळानं टुना पकडतात, खोल समुद्रातली. खडकातले मासे त्यामुळे बरेच वाचतात. ते मासे शैवालाचा थर चरून खडक साफ ठेवतात, आणि साफ खडकावर प्रवाळाचं पिल्लू बसू शकतं. १९९८ नंतर तिथले काही खडक पुन्हा उभे राहिले, त्यात या टुनाचा वाटा आहे. म्हणजे प्रवाळ सांभाळायचा तर कुणाच्या ताटात कोणता मासा पडतो, हेही बघावं लागतं. प्रयोगशाळेतल्या माणसांना हे उशिरा कळतं. मला फारच उशिरा कळलं. तू जाशील तिथल्या बोटवाल्यांशी आणि मासळी विकणाऱ्या बायकांशी पहिल्या आठवड्यातच बोलायला लाग. मालवणी कळत नसेल तर आणखी बरं, त्या हसतील आणि मग बोलतील.

झोपेचं राहिलं. ९९ टक्क्यांचा आकडा तुला रात्री जागवतो, तर एक कर. त्याला रात्रभर घेऊन पडू नकोस. सकाळी उठून त्याच्यावरचा मूळ अहवाल काढ आणि तो आकडा कशावरून आला हे वाच. कोणतं गृहीत धरलंय, कोणतं नाही. प्रवाळांनी जोडीदार बदलला तर काय, हे त्यात धरलंय का? तुझा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. मी तुला धीर देत नाहीये. उत्तर तुझ्या मनासारखं येईलच असं नाही. पण आकड्याला घाबरणं आणि आकडा तपासणं या दोन्हींना रात्र तेवढीच लागते, आणि दुसऱ्याची सवय झाली की झोप लागते, असा माझा अनुभव.

बाबांचं म्हणणं खरं ठरलं तर? समज, चाळीस वर्षांनी फार थोडे राहिले. तरी ते थोडे का राहिले हे सांगणारं कुणीतरी लागेल. अवकाळीनं अख्ख्या शिवारातल्या बागा गेल्या आणि एकाच्या चार ओळी उभ्या राहिल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळा गाव त्या चार ओळी बघायला जातो. बाबाही गेले असतील कधीतरी.

या वर्षी एवढंच कर. सुट्टीत बाबांना घेऊन रत्नागिरीला किंवा मालवणला जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी चांगली खोल जाते, पहाटे किंवा दिवस मावळायच्या सुमाराला. ओहोटीची वेळ तिथल्या एखाद्या मच्छीमाराला विचारून घे. तळपायाला पकड असलेल्या चपला घाल, खडक शेवाळलेले असतात. प्रवाळ दिसला तर हात लावू नकोस, तुकडा उचलणं तर सोडच. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी तो वाघाच्या रांगेत बसतो. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकायचा नाही. वाकून फक्त रंग बघ. तपकिरी असेल तर आत वाटेकरी घरी आहे. बाबांनाही वाकायला लाव. पाठ दुखतेय म्हणतील, तरी लाव.

आणि येत्या रविवारी विहिरीवर जा. डबा नवा घे, जुन्याला बारीक छिद्रं असतात.

– तुझी ताई